अर्ध्याखालचा आकडा

शोभाताई गावंडेंना अपूर्णांकांचा भारी तिटकारा. नागपूरच्या एका सरकारी आकडेवारी कार्यालयात त्यांनी अठरा वर्षं हातानं फिरवायचं गणनयंत्र फिरवलं होतं. तिथला कायदा एकच: अर्धा किंवा त्याच्या वर असेल तर पूर्ण धरा, अर्ध्याखाली असेल तर सोडून द्या. विहिरी, बैल, माणसं, सगळ्यांना हाच न्याय. एखादी नवी पोरगी दशांशाची शेपूट वहीत उतरवायला लागली की बाई तिच्या हातातली पेन्सिल काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हा पसारा कोन झाडणार? सोड त्याले." त्यांचा तक्ता कधी परत आला नाही. साहेबलोक बदलले, पंखे बदलले, बाईंचा हात काही बदलला नाही.

मग कार्यालयात कॉम्प्युटर आले आणि हाताची यंत्रं अडगळीत गेली. दुसरी कोणी असती तर नशिबाला बोल लावत घरी बसली असती. आमच्या शोभाताईंनी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं, लेकीच्या वयाच्या पोरींशेजारी बसून प्रोग्रॅम लिहायला शिकल्या, आणि हिंगणा रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ऑपरेटर म्हणून लागल्या. सक्करदऱ्याहून रोज दोन बस बदलून जायच्या. नवरा म्हणायचा, "एवढा उपद्व्याप काहून?" त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं होतं: "बसून गंज चढते."

त्या कॉलेजात कृष्णकांत पाध्ये नावाचा तरुण लेक्चरर होता. अंगानं काडी, पण बोलायला लागला की थांबणं नाही. त्यानं बंगलोरहून झेरॉक्सचा गठ्ठा आणला होता आणि त्यातलं एक खूळ त्याच्या डोक्यात बसलं होतं. कॉम्प्युटरला नियम सांगायचे नाहीत, म्हणे, उदाहरणं दाखवायची. आत हजारो जोडण्या असतात, प्रत्येक जोडणीला एक आकडा असतो. यंत्र आधी अंदाज करतं, चुकतं, आणि चुकीच्या मानानं प्रत्येक आकडा थोडाथोडा सरकवतं. असं शेकडो वेळा केलं की अंदाज बरोबर यायला लागतो. स्टाफरूममधले लोक त्याला हसायचे. शोभाताई हसल्या नाहीत, कारण त्यांच्या मागे एक काळजी लागली होती आणि ती कोणालाही सांगता येत नव्हती.

ती काळजी म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ देवराव. पिंपळढोहच्या कोळसा खदानीत तो माइनिंग सरदार होता. सरदार म्हणजे पाळीतल्या चौदा माणसांचा धनी. आत शिरल्यावर पहिलं काम त्याचं. लोखंडी टोकाच्या काठीनं छत ठोकायचं आणि आवाज ऐकायचा. खणखणीत आला तर छत पक्कं, ढब आला तर वर पोकळी, माणसं मागे. देवराव "ठीक हाय" म्हणाला की चौदा जण आत जात.

आणि देवरावला ऐकू येत नव्हतं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका रविवारी खाप्याला आईच्या घरी, त्याची पाठ असताना शोभाताईंच्या हातून पितळेची परात फरशीवर पडली. बांधावरचे कावळे उडाले. देवराव विडी ओढत तसाच बसून राहिला.

त्यांनी त्याला गोठ्यामागे गाठलं आणि समोर उभं राहून विचारलं. देवराव आधी हसला, मग चिडला.

"बारुदीच्या आवाजानं थोडं बधिर होते. सगळ्यायचंच होते. मले जेवढं येते तेवढं पुरते."

"डॉक्टरले दाखव."

"म्हंजे उद्या सरदारी गेली. दोन खेपा नापास होऊन तिसऱ्या खेपेला सर्टिफिकेट भेटलं, मालूम हाय ना तुले? बापाच्या घरात पह्यला सरदार मी. तू कोनाले सांगतलं तं माहं तोंड पाहू नोको."

शोभाताई गप्प बसल्या. हे त्यांचं पाप, आणि ते त्यांना माहीत होतं. भाऊ मरेल याची भीती एका बाजूला, भाऊ तुटेल याची दुसऱ्या बाजूला, मध्ये त्या. अशा वेळी माणूस तिसरी वाट शोधतं. दुसऱ्या दिवशी त्या कृष्णकांतसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमच्या यंत्राले खदानीचं छत शिकवता येईल का?"

येणार होतं, निदान कागदावर. छत किती खाली दबलं याची मापं खदानीत दर पाळीला घेतली जात. जुन्या भागांची मापं वह्यांमध्ये पडून होती. छत कधी कोसळलं, कधी नुसतंच कुरकुरलं, तेही लिहिलेलं होतं. देवरावनं वह्या मिळवून दिल्या. त्याला वाटलं, बहिणीला कॉलेजात मान मिळेल. खदानीच्या मॅनेजरनंही सौदा केला. सोळा ऑगस्टला नव्या भागात खांब काढायचं काम सुरू होणार होतं. खांब काढणं म्हणजे छताला आधार म्हणून ठेवलेला कोळसाच काढून घ्यायचा आणि छत मागे बसू द्यायचं. खदानीतलं सगळ्यात जिवावरचं काम. मॅनेजर म्हणाला, यंत्राला न दाखवता बाजूला ठेवलेल्या साठ जुन्या नोंदींपैकी पन्नास त्यानं बारा तारखेपर्यंत बरोबर ओळखल्या, तर रोजची मापं फोनवर सांगू आणि यंत्र नाही म्हणालं तर माणसं बाहेर काढू. नाही ओळखल्या, तर सरदाराचा कान आहेच.

सरदाराचा कान आहेच! शोभाताईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पहिली अडचण लगेच आली. कृष्णकांतच्या हिशेबानं छत्तीस हजार जोडण्या लागत होत्या. प्रत्येक जोडणीचा एक आकडा, आणि मागच्या वेळी तो कुठे सरकला हे सांगणारा दुसरा. प्रत्येक आकड्याला स्मृतीत चार घरं लागत. गुणा, म्हणजे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार घरं. कॉलेजच्या मशीनमध्ये सगळी मिळून दोन लाख बासष्ट हजार, आणि त्यातली साठ-सत्तर हजार तर मशीन स्वतःच्या संसाराला वापरत असे. मोठं मशीन होतं, पण ते संचालकांच्या खोलीत, प्लास्टिकच्या आच्छादनाखाली, पाहुण्यांना दाखवायला.

कृष्णकांतनं हात टेकले. "जोडण्या कमी केल्या तर शिकत नाही. आता काय करायचं, बाई?"

"आकडेच लहान करू," शोभाताई म्हणाल्या. "चार घरांचा आकडा दोन घरांत बसवू. चार हजार पटीनं वाढवायचा अन् पूर्ण करून ठेवायचा. खालची शेपूट सोडून द्यायची. अठरा वर्षं तेच केलं मी."

आणि बसवलं की हो बाईंनी. तीन दिवसांत सगळा प्रोग्रॅम नव्यानं लिहिला. एक लाख चव्वेचाळीस हजार घरांत अख्खं यंत्र मावलं. कृष्णकांतला तर त्यांचे पाय धरावेसे वाटले. चारशे नोंदी एकदा दाखवून व्हायला पाऊण तास लागायचा. वीज गेली तर काम बुडू नये म्हणून दर फेरीनंतर आकडे फ्लॉपीवर उतरवायचे. पहिल्या दहा फेऱ्यांत चूक भराभर खाली आली. मग हळू झाली. पंचविसाव्या फेरीला थांबली. चाळिसाव्यालाही तिथेच, साठाव्यालाही तिथेच. साठ नोंदींपैकी बरोबर एकतीस. कवड्या टाकल्या असत्या तरी एवढ्या आल्या असत्या.

बारा तारखेला आठ दिवस उरले होते. कृष्णकांत झेरॉक्सच्या गठ्ठ्यात तोंड घालून बसला. मूळ सिद्धांतच चुकीचा असेल, वह्यांमधली मापं खोटी असतील, आपल्यालाच काही कळत नसेल, असं रोज काहीतरी नवं म्हणायचा. शोभाताई त्याच्यावर डाफरल्या. "रडून का होते, सर? छापा कागद." त्यांनी लागोपाठच्या दोन फेऱ्यांचे आकडे छापून घेतले आणि पट्टी लावून ओळीनं ताडून पाहायला लागल्या, जसे तक्ते ताडायच्या तसे. पहिलं पान सारखं. दुसरं सारखं. अकराव्या पानावर त्या थांबल्या. एकही आकडा हललेला नव्हता.

यंत्र शिकत होतं. प्रत्येक वेळी आकडा किती सरकवायचा ते बरोबर काढत होतं. पण आता ते सरकणं अगदी बारीक झालं होतं, अर्ध्या घटकाच्याही खाली. आणि अर्ध्याखालचं सगळं शोभाताईंच्या कायद्यानं शून्य. चारशे वेळा यंत्र म्हणे, थोडं वर. चारशे वेळा बाई म्हणत, सोड त्याले. कोणाच्या कागदाची चूक नव्हती, कोणाच्या वहीची नव्हती. चूक त्यांच्या हाताची होती, ज्या हाताचा त्यांना अभिमान होता.

"मग उरलेलं जमा करून ठेवू," कृष्णकांत म्हणाला. "प्रत्येक आकड्याची शेपूट वेगळी जपायची, पुरेशी साठली की आकड्यात मिळवायची."

"आणखी बहात्तर हजार घरं," शोभाताई म्हणाल्या. "कुठून आणता?"

रविवारी त्या खाप्याला गेल्या. जायचं मन नव्हतं, पण आई रुख्मिणी वाट पाहायची. म्हातारीच्या दोन म्हशी, आठ घरी रतीब, आणि एकच माप, पावशेराचं. शोभाताई ओसरीवर बसून डोकं दाबत होत्या. रुख्मिणीनं कोनाड्यातल्या गडव्यात हात घातला, एक चिंचोका काढला, पाहिला, परत टाकला आणि दारात भांडं घेऊन उभ्या असलेल्या जिजाबाईला म्हणाली, "आज नाही वं, जिजे."

"हे काय चालवलं, आई?"

"जिजीचा वाटा रोजचा पावाचा चौथा हिस्सा. एवढं बारीक माप कुठून आनू? पह्यले ध्यानात ठेवत जाव, चार दिसातून एकदा पूर्ण पाव द्याव. टायफॉइड झाल्यापासून ध्यानात राहत नाही. म्हून गडव्यात चार चिंचोके टाकले, एकाले काजळी लावली. काळा निघाला तं पाव, नाही तं नाही. सदाशिवच्या घराचा वाटा अर्धा, त्याच्या गडव्यात दोनच."

"अन् लागोपाठ तीन दिवस काळा निघाला तर?"

"निघते ना कधी कधी. मंग आठ आठ दिवस निघत नाही. महिना सरला का ज्याचं त्याले बराबर जाते. जिजी काही बोलते का? ध्यानात बी ठेवा लागत नाही अन् कोनाचं बुडत बी नाही."

शोभाताईंनी चहा अर्धा टाकला आणि दुपारचीच बस धरली. आई मागून बोटं मोडत राहिली.

सोमवारी प्रोग्रॅममध्ये फक्त अकरा ओळी बदलल्या. आता शेपूट सोडायची नाही आणि जपायचीही नाही, चिंचोका काढायचा. एकदशांश उरलं तर दहातून एकदा आकडा पूर्ण एकानं पुढे, नऊदा जागच्या जागी. अर्ध्याच्या वर असेल तिथेही हाच न्याय, फुकटचा पूर्ण नाही. कृष्णकांतनं कागदावर मांडून पाहिलं आणि त्याला पटलं. चिंचोके काढायलाही वेळ लागतोच, त्यामुळे फेरी पाऊण तासाची एक तासाची झाली. मंगळवारी चूक हलली. बुधवारी वीज पाच तास गेली आणि शोभाताईंनी वीजमंडळाच्या सात पिढ्या उद्धरल्या. शुक्रवारी एकेचाळीस आल्या, शनिवारी सकाळी सत्तेचाळीस. दुपारी तीनला मॅनेजरचा माणूस समोर बसला होता, तेव्हा साठापैकी बावन्न.

काम सुरू झालं. रोज अकराच्या सुमाराला पिंपळढोहच्या हजेरी कार्यालयातून गणपतराव नावाचे बाबू ट्रंक कॉल लावून मापं सांगायचे, शोभाताई ती यंत्राला द्यायच्या, आणि यंत्र एक आकडा द्यायचं: शंभरातले इतके धोक्याचे. मॅनेजरशी ठरलं होतं की साठाच्या वर गेला तर बाईंनी सरदाराला फोनवर सांगायचं, आणि सरदारानंच माणसं काढायची, मधल्या बाबूनं नाही. कागदावर सही झाली होती. पहिले दहा-बारा दिवस आकडा वीस-पंचविसाच्या वर गेला नाही. शोभाताईंना वाटलं, निभलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, आकडा आला एक्क्याण्णव.

त्यांनी मापं पुन्हा टाकली. एक्क्याण्णव. शोभाताईंनी ट्रंक बुक केला, अर्जंट. एक्स्चेंजमधली बाई म्हणाली, लाइन बिझी आहे, थांबा. थांबल्या. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवून त्या घड्याळाकडेच पाहत होत्या. बारा वाजून दहा मिनिटांनी गणपतराव लाइनवर आले.

"देवराव खाली हाय, ताई. थांबा, खालचा फोन जोडून देतो." खालच्या फोनची तार वेगळी. गणपतरावांची नेहमीची युक्ती म्हणजे दोन्ही रिसीव्हर उलटसुलट एकमेकांना लावून हातानं दाबून धरायचे. घरघर आली, आणि मग खूप लांबून देवरावचा आवाज.

"हॅलो. कोन?"

"मी शोभा. वर ये. सगळ्यायले घेऊन वर ये. छत बसनार हाय."

"हो हो."

"देवराव, आयकलं का? आत्ता वर ये."

"हो हो. बरं हाय," देवराव म्हणाला, अगदी मोकळ्या आवाजात, आणि फोन ठेवला.

तो "हो हो" त्यांना ओळखीचा होता. तीन वर्षं ऐकत होत्या. मागून हाक मारली, वळला नाही. थकला असेल, सोड. विचारलं एक, उत्तर दुसरंच. विचारात असेल, सोड. परात पडल्यावर कळलंच होतं, तरी म्हणाल्या, यंत्र येईल त्याच्या जागी, सोड. फोन त्यालाच करायचा ठरलं तेव्हाही म्हणाल्या, कानाला लावून धरला की येईल ऐकू, सोड. छत्तीस हजार आकड्यांना जे केलं तेच त्यांनी सख्ख्या भावाला केलं होतं. कपाळावर हात मारून घ्यायलाही आता वेळ नव्हता.

"झालं ना बोलनं?" गणपतराव विचारत होते. "ठेवू?"

"ठेवू नका. तो येनार नाही. त्याले काही आयकू गेलं नाही."

"तारेत घरघर असते, ताई. पुन्हा लावून देऊ?"

शोभाताईंनी डोळे मिटले. आता बोललं की भाऊ गेला. नाही बोललं तरी गेला.

"घरघर नाही. देवराव बहिरा हाय. तीन साल झाले. तो छत ठोकते, पन त्याले आवाज समजत नाही. दुसऱ्या कोनाले खाली पाठवा, मॅनेजरसाहेबाले सांगा, पन आत्ता पाठवा."

"ताई, तुम्ही हे काय बोलून राहिल्या? सरदार हाय तो."

"मले माहीत हाय मी काय बोलून राहिली. माहा भाऊ हाय तो. धावा, गणपतराव."

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला आणि मग नुसती मोकळी खोली ऐकू येत राहिली. कृष्णकांतनं पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी घेतला नाही. एक्स्चेंजवाली दर तीन मिनिटांनी विचारायची, वेळ वाढवू का, आणि त्या म्हणायच्या, वाढवा. आठव्यांदा वाढवल्यावर गणपतराव धापा टाकत परत आले.

"पंधराच्या पंधरा वर आले," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "देवराव मॅनेजरसाहेबापाशी हाय. साहेब त्याच्या मागं उभं राहून बोलून राहिले, अन् तो भिंतीकडं पाहून राहिला."

छत संध्याकाळी सहाच्या पुढे बसलं. आवाज कॉलनीपर्यंत आला. आत कोणी नव्हतं.

खदानीच्या दवाखान्यात देवरावचे कान तपासले. डाव्यानं काहीच नाही, उजव्यानं नावापुरतं. सरदारी गेली, त्याला वर दिवाखोलीत बसवलं, टोपीला लावायचे दिवे देणं-घेणं. त्या चौदा जणांच्या बायका नारळ घेऊन त्याच्या दारात गेल्या तर तो मागच्या दारानं निघून गेला. कृष्णकांतचा पेपर दिल्लीला कुठेसा वाचला गेला, टाळ्या पडल्या, त्यानं बाईंचं नाव पहिल्या पानावर घातलं होतं. शोभाताईंनी तो पेपर घरी नेला नाही. खाप्याला त्या एक रविवार आड जायच्या, आणि देवराव नेमका त्या रविवारी नसायचा. त्यानं शब्द पाळला होता. आईनं दोघांनाही शिव्या घातल्या, उपयोग शून्य.

भाऊबीजेला शोभाताईंनी पाट मांडला आणि वाट पाहायची नाही असं सगळ्यांना बजावलं. दुपार कलली. नवरा म्हणाला, उचल आता. तेव्हा दारात सायकल लागली. देवराव आत आला, कोणाशी न बोलता पाटावर बसला. त्यांनी ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली. मग मान थोडी डावीकडे वळवून, उजवा कान त्यांच्याकडे करून विचारलं, "त्या दिवशी फोनवर तू का म्हनलं होतं?"

"वर ये म्हनलं होतं," शोभाताई त्याच्या कानाशी वाकून, ओठ उघडून, सावकाश बोलल्या. "तीन खेपा म्हनलं."

देवरावनं ताटातली साडी त्यांच्याकडे सरकवली.

"मले काहीच आयकू येत नव्हतं वं, बाई," तो म्हणाला. "तुह्या फोनचंच नाही. छताचंबी नाही. तीन साल मी नुसता ठोकून राहिलो होतो, अन् ते चौदा जन माह्या तोंडाकडं पाहून अंदर जात होते."